चीन सरकारच्या पैशाने चिनी शिकायला पाठवावं का?

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं चिनीचा क्लास करतेय, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास झालीय. क्लासच्या सरांनी सुचवलंय की चीनच्या एका वर्षाच्या सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज कर. फी माफ, राहणं फुकट, वर दरमहा हातखर्च. मुलगी एका पायावर तयार. धाकटे दीर मात्र म्हणतात, 'अमेरिकेने ज्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूटना गाशा गुंडाळायला लावला, त्यांचाच हा पैसा. फुकट कुणी काही देत नसतं. पोरीचं डोकं फिरवून परत पाठवतील.' ताई विचारतात, ही कन्फ्यूशियस भानगड आहे तरी काय, त्यात प्रचार असतो का, आणि पाठवू की नको?

मी चिनी शिकवते त्याला सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषी म्हणूनही पुष्कळ उभी राहिले. आणि काही वर्षं चीनहून सरकारी पगारावर आलेल्या शिक्षकांच्या शेजारच्या टेबलावर बसून काढली. त्यामुळे तुमच्या दिरांचं बोलणं मी हसण्यावारी नेणार नाही. पण मला विचाराल तर कुठल्याही भाषेच्या वर्गाबद्दल पहिला प्रश्न वेगळा असतो: शिकवणाऱ्याला पगार कोण देतं, आणि तो माणूस उद्या निघून गेला तर वर्ग चालू राहतो का? बाकीचं बरंचसं त्यावरून कळतं.

आता भानगड. चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली १९८७ साली परदेशांत चिनी शिकवण्यासाठी एक कार्यालय निघालं. त्याचं लघुनाव 'हानपान'. (इंग्रजी स्पेलिंग बघून सगळे 'हानबान' म्हणतात. ते हानपान का, ते पुढे येईलच.) सुरुवातीची वर्षं काम साधं होतं: पुस्तकं पाठवा, थोडे शिक्षक पाठवा. एचएसके परीक्षा ही पेइचिंगच्या भाषा संस्थेत १९८४पासून तयार होत होती, १९९० साली ती चीनमध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी बाहेरच्या देशांत गेली. खरा धडाका लागला तो नोव्हेंबर २००४मध्ये सोलला पहिली कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट उघडली तेव्हापासून. २०१८ संपताना १५४ देशांत अशा ५४८ इन्स्टिट्यूट आणि शाळांमधले ११९३ वर्ग होते. फ्रेंचांची आलियाँस फ्राँसेज १८८३पासून आहे, म्हणजे चौदा वर्षांतली ही धाव किती मोठी ते बघा. भरात असताना मुख्यालय वर्षाला तीस कोटी डॉलरांच्या आसपास यावर खर्च करत होतं.

नावाचीही गंमत आहे. १९७३-७४मध्ये याच देशात, याच कम्युनिस्ट पक्षाने कन्फ्यूशियस या आपल्याच प्राचीन तत्त्वज्ञाविरुद्ध देशभर मोहीम चालवली होती. शाळेतल्या पोरांना त्या म्हाताऱ्याचा निषेध करणारे निबंध लिहायला लावले होते. तीसएक वर्षांनी त्याच म्हाताऱ्याला अंघोळ घालून, नवे कपडे घालून जगभर पाठवला. बरोबरच केलं म्हणा. माओच्या नावाच्या वर्गात कुणी नाव घातलं असतं!

रचना कशी असायची ते नीट समजून घ्या, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. पुण्यात बोट क्लब रोडवर मॅक्सम्युलर भवन आहे. बाहेर पाटी आहे, आत जाताना आपल्याला माहीत असतं की हे जर्मनांचं घर आहे, पैसा जर्मन सरकारचा आहे. आत काय शिकवायचं ते ते ठरवतात आणि आपण हवं तर जातो. चीनने स्वतःचे बंगले बांधले नाहीत. दुसऱ्याच्या वाड्यात खोली घेतली, आणि भाडं द्यायचं सोडून वाड्याच्या मालकालाच थोडे पैसे दिले. परदेशातलं एखादं विद्यापीठ जागा द्यायचं, चीनमधलं एक विद्यापीठ जोडीदार व्हायचं, हानपान सुरुवातीला लाखभर डॉलर, पुस्तकांचे गठ्ठे आणि शिक्षक द्यायचं, पुढचा खर्च निम्मा-निम्मा. डायरेक्टर दोन, एक इथला आणि एक तिथला. ज्या विद्यापीठाला चिनी विभाग काढायला पैसे नव्हते त्याला हे लॉटरीच लागल्यासारखं होतं. पैसा, माणूस, पुस्तक, सगळं तयार. पण पाटी विद्यापीठाची, आणि शिकवणाऱ्याचा पगार पेइचिंगहून.

वर्गात काय चालतं, ते मी दुरून ऐकलेलं सांगत नाही. कात्रीने लाल कागद कापून 'सुख' हे अक्षर करायचं, वसंतोत्सवाला डंपलिंग वळायचे, ताई-ची, चहाचा समारंभ, झालंच तर पंखा घेऊन एक नाच. यात डोकं फिरवण्यासारखं काही नाही. उलट पोरांना दोन महिन्यांत कंटाळा येतो. त्यांना नोकरी हवी असते, कागदकाम नको असतं.

आमच्याकडे एके वर्षी तेवीस वर्षांची एक स्वयंसेवक शिक्षिका आली होती. मूळची चोंगछिंगची, हुशार, मेहनती, आणि पहिल्या आठवड्यात आपल्या तिखटाने बेजार होण्याऐवजी 'हे कमीच आहे' म्हणणारी. पहिल्याच तासाला तिने फळ्यावर रोमन अक्षरांत 'आठ' हा आकडा लिहिला. स्पेलिंग 'बी-ए'. मुलं म्हणाली 'बा'. ती म्हणाली, नाही, 'पा'. मुलांनी वहीत 'पा' लिहून घेतलं. मग तिने 'पी-ए' लिहिलं, म्हणजे घाबरणं. मुलं जोरात म्हणाली 'पा'. ती मान हलवतेय, नाही, नाही. वर्ग गोंधळला. ती बिचारी परत परत म्हणतेय, पुस्तक उघडून दाखवतेय. पुस्तकात लिहिलेलं होतं, 'इंग्रजीतल्या बी-सारखा उच्चार करा'. ते पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं, आणि वर्गात बसलेले सगळे भोसरी, निगडी, कोथरूडचे.

शेवटी मी उठले आणि फळ्यावर लिहिलं: प-फ, त-थ, क-ख. म्हटलं, रोमन 'बी' दिसला की 'प' म्हणा, 'पी' दिसला की ओठ मिटून आपला जुना 'फ' म्हणा, फुलातला. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. चिनी भाषेत आपल्यासारखे ब, द, ग नाहीतच. तिथे फरक असतो तो फक्त हवा सोडण्याचा, आणि तो फरक आपल्याला बाराखडीतच शिकवलेला असतो. म्हणून ते हानबान नव्हे, हानपान. दहा मिनिटांत वर्ग मार्गी लागला. मग लाडात येऊन मी आणखी एक दिलं: 'चार चोर' म्हणून बघा. 'चार'मधला च वेगळा, 'चोर'मधला वेगळा, बरोबर? चिनीत हे दोन्ही आहेत, आणि रोमनमध्ये त्यांना वेगळी अक्षरं आहेत. हिंदीवाल्या पोरांना यासाठी महिना लागतो, मराठी पोराला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं.

त्या मुलीने ते सगळं डायरीत उतरवून घेतलं. वर्षभर छान शिकवलं. मुदत संपली, ती परत गेली, डायरी तिच्याबरोबर गेली. पुढच्या जुलैत दुसरी आली, तिने फळ्यावर 'बी-ए' लिहिलं आणि मुलं म्हणाली 'बा'.

मला या योजनेतली सगळ्यात मोठी खोट ही वाटते, आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रात कुणी लिहीत नाही. शिक्षक फिरता, पुस्तक मध्यवर्ती, आणि इथल्या मुलाच्या कानाचं जे ज्ञान साठायला हवं ते दरवर्षी विमानात बसून परत जातं.

आता प्रचाराबद्दल. एकदा पुस्तकांचं खोकं आलं. त्यात चीनच्या संस्कृतीवर एक गुळगुळीत कागदाचं सचित्र पुस्तक होतं, पहिल्याच पानाला देशाचा नकाशा. त्यात अक्साई चीन आणि अख्खा अरुणाचल आत घेतलेला. असा नकाशा छापणं-वाटणं हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. आमच्या समन्वयकांना घाम फुटला. मग आम्ही तिघं-चौघं दुपारभर बसून प्रत्येक प्रतीतल्या त्या पानावर पांढरा कागद डकवत बसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने पुस्तक उघडलं, पान ट्यूबलाइटसमोर धरलं आणि मोठ्याने म्हणाला, 'मॅडम, दिसतंय की!' चीनची ती मुलगी तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, मीही नाही. संध्याकाळी चहा घेताना ती एवढंच म्हणाली, 'लाओशी (म्हणजे बाई), मी लहानपणापासून हाच नकाशा बघितलाय.' मी म्हटलं, 'आणि मी दुसरा.' चहा संपवून आम्ही उठलो.

तो नकाशा कुणी शिकवला नव्हता, त्यावर भाषण झालं नव्हतं. तो खोक्यातून आला होता. माझ्या अनुभवात प्रचार असा यायचा, आणि त्याहून जास्त, न बोलण्यातून यायचा. आमच्या धंद्यात 'तीन त' म्हणतात: तिबेट, तैवान, आणि तिआनमेन, म्हणजे १९८९चं चिरडलेलं आंदोलन. यातलं काही निघालं की शिक्षक हसून म्हणणार, हा विषय अवघड आहे, आपण व्याकरण करू या. त्या पोरीला दोष देण्यात अर्थ नाही. तिचं वर्षाचं मूल्यमापन पेइचिंगला जाणार होतं. पण विद्यापीठाच्या आवारात असा वर्ग असला की हळूहळू यजमानही सांभाळून वागायला लागतो. दलाई लामांवरचं व्याख्यान आता नको, पुढच्या वर्षी बघू. कुणी सांगितलेलं नसतं. समोरच्या माणसाचा पैसा आला की आपणच आवाज खाली करतो.

२००९ साली चीनच्या पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीतले, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळातले, ली छांगछुन यांनी या इन्स्टिट्यूट म्हणजे परदेशातल्या प्रचाराचा महत्त्वाचा भाग आहेत असं उघड म्हटलं होतं. ते वाक्य पुढे जगभर त्यांच्या विरोधात वापरलं गेलं. मला त्यात एक भाषेची गोम दिसते. त्यांचा शब्द 'श्वेनछ्वान'. तो चिनीत तितका वाईट नाही. आपल्याकडे वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, १९३६पासून आहे, आणि त्या 'प्रचारा'ने कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. इंग्रजीत भाषांतर झालं की तोच शब्द गुन्हेगार होतो. अर्थात शब्द निर्दोष म्हणून धोरण निर्दोष, असं नाही.

कारण पुढची प्रकरणं खरीच घडली. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात एका शिक्षिकेने सांगितलं की फालुन गोंग पंथाशी संबंध असलेल्यांना या नोकरीत घेत नाहीत, आणि तिला ते लपवावं लागलं. विद्यापीठाने २०१३मध्ये इन्स्टिट्यूट बंद केली. २०१४च्या जुलैत पोर्तुगालमध्ये ब्रागा इथे युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद होती. हानपानच्या प्रमुख श्यू लिन यांनी कार्यक्रमपत्रिकेतली पानं फाडायला लावली, कारण त्यांवर तैवानच्या एका प्रतिष्ठानाचं नाव होतं. दुसऱ्याच्या लग्नात जाऊन पत्रिकेतलं नाव खोडण्यासारखं! त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातल्या शंभराहून अधिक प्राध्यापकांनी विरोधी अर्ज दिला आणि करार पुढे गेला नाही. मग २०१८मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलम आलं: ज्या विद्यापीठात कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट असेल त्याला चिनी भाषेसाठी संरक्षण खात्याचा निधी मिळणार नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येईनात, तेव्हा विद्यापीठांनी हिशोब केला. २०१९मध्ये अमेरिकेत शंभरेक होत्या, २०२३पर्यंत पाचाहून कमी उरल्या. स्वीडनमध्ये, जिथे युरोपातली पहिली निघाली होती, तिथे २०२०नंतर एकही नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये हानपान हे नावही गेलं. शिक्षण मंत्रालयाखाली भाषा-सहकार्याचं नवं केंद्र झालं, आणि इन्स्टिट्यूटची पाटी विद्यापीठं आणि कंपन्यांनी मिळून काढलेल्या एका प्रतिष्ठानाकडे दिली. माणसं बरीचशी तीच.

म्हणजे दिरांचं निम्मं बरोबर आहे. अमेरिकेने गाशा गुंडाळायला लावला हे खरं. पण या सगळ्या प्रकरणांत कुठे विद्यार्थ्यांची डोकी फिरली म्हणून इन्स्टिट्यूट बंद झालेली नाही. भांडण होतं ते विद्यापीठाच्या घरात कुणाचा शब्द चालावा याचं. तुमच्या मुलीपुढचा प्रश्न वेगळा आहे. ती चीनमध्ये चीनच्या वर्गात बसणार आहे. तिथे पाटी आणि पगार एकाच नावाचे आहेत, लपवलेलं काही नाही.

आपल्याकडे काय झालं ते थोडक्यात. वेल्लोरच्या व्हीआयटीत २००९मध्ये आणि मुंबई विद्यापीठात २०१३मध्ये अशी इन्स्टिट्यूट आली. मुंबईचं जोडीदार होतं थ्येनचिनचं तंत्रविद्यापीठ. २०१२मध्ये सीबीएसईने हानपानशी करार केला, शाळांत मँडरिन येणार म्हणून आम्हा शिक्षकांना गुदगुल्या झाल्या. मग गलवान झालं. जुलै-ऑगस्ट २०२०मध्ये शिक्षण मंत्रालयाने सात इन्स्टिट्यूट आणि ५४ शैक्षणिक करारांची फेरतपासणी करायचं ठरवलं. त्याच सुमारास आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांत शिकवता येतील अशा परदेशी भाषांची उदाहरणं दिली आहेत. २०१९च्या मसुद्यात त्यांत चिनी होती. अंतिम धोरणात कोरियन आहे, जपानी आहे, थाई आहे, पोर्तुगीज आहे, चिनी नाही.

करार तपासले ते योग्यच झालं. भाषा यादीतून काढली ती मात्र चूक झाली असं माझं मत आहे. वाण्याशी भांडण झालं म्हणून आपण ज्वारी खाणं सोडत नाही. खडकवासल्याला एनडीएत कॅडेटना चिनी शिकवतात ती काय कागदाची फुलं कापायला? ज्या शेजाऱ्याशी साडेतीन हजार किलोमीटरची सीमा आहे त्याचं वर्तमानपत्र मूळ भाषेत वाचणारी माणसं भांडणाच्या काळात जास्त लागतात.

आणि परक्या सरकारचा पैसा घेऊनही गोष्ट कशी नीट होते, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. शांतिनिकेतनचं चीना भवन, चिनीच्या अभ्यासाचं केंद्र. १४ एप्रिल १९३७ला उघडलं. त्यालाही चीनमधून पैसा आला, पुस्तकं आली, तेव्हाच्या चिआंग काय-शेक सरकारची मदत होती. पण ते उभं करणारे चिनी विद्वान तान युनशान १९२८मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून आले ते इथलेच झाले. बांगला वातावरणात मुलं वाढवली, आणि १९८३मध्ये देह ठेवला तो बोधगयेला. त्यांचे चिरंजीव तान चुंग यांनी पुढे दिल्लीत चिनीचे विद्यार्थी घडवले. त्या तान घराण्याची डायरी कधी विमानात बसली नाही. इथे पुण्यातही फर्ग्युसनमध्ये पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले हे पाली-संस्कृतचे प्राध्यापक बौद्ध ग्रंथांसाठी चिनी वाचत होते, कुणाच्या शिष्यवृत्तीच्या जाहिराती नव्हत्या तेव्हा. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांबद्दल तर सांगायलाच नको. १९३८मध्ये गेले, तिथेच चिनी शिकले, आणि चिनी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याइतके शिकले. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना भेटत आले आहेत. ली खछ्यांग २०१३मध्ये त्यांच्या भगिनींना भेटले होते. हाही सांस्कृतिक प्रचारच, फक्त त्याचं भांडवल आपल्या सोलापूरचं.

पुण्यात जपानी का रुजली आणि चिनी का नाही, असं मला लोक विचारतात. जपान सरकारही पैसा लावतं, परीक्षा घेतं, शिष्यवृत्त्या देतं. पण पुण्यात जपानी शिकवणारे कुलकर्णी, जोशी, शिंदे आहेत, आणि त्यांनी शिकवलेल्यांनी पुढे क्लास काढले. साखळी इथली आहे. चिनीत ती साखळी बनायच्या आतच तयार माणूस मिळाला, म्हणून घरचा माणूस घडवायची गरज कुणाला वाटली नाही, आणि २०२०मध्ये नळ बंद झाला तेव्हा बादली रिकामी होती.

चीनचं धोरणही आता बदलतंय. कागदकाम आणि डंपलिंग मागे पडतायत, 'चिनी अधिक कौशल्य' हा नवा मंत्र आहे. थायलंडमध्ये अयुथ्थयाला २०१६मध्ये पहिली लूपान कार्यशाळा निघाली. लूपान म्हणजे त्यांचा प्राचीन काळचा, दंतकथा झालेला सुतार, आपल्या विश्वकर्म्यासारखा. सीएनसी यंत्रं, रेल्वे, सौरऊर्जा, आणि त्याला जोडून भाषा. २०१७मध्ये एक चेन्नईतही आली. पोराला आधी यंत्र येतं, मग त्या यंत्रावरची भाषा, मग ते यंत्र कुणाकडून विकत घ्यायचं हे ओघानेच येतं. कन्फ्यूशियसपेक्षा हा सुतार जास्त हुशार आहे, असं मला कारखान्यात उभं राहून वाटतं. तिथे मला कधी कुणी थांगकालीन कविता विचारली नाही. 'हायड्रॉलिक सील गळतंय' हे सांगायचं असतं.

बरं, आता तुमची लेक. माझं उत्तर: पाठवा, पण यंदा नको.

आधी बी.कॉम. पूर्ण होऊ द्या. मधेच सोडून गेलेली पोरं मी पाहिली आहेत. २०२०मध्ये सीमा बंद झाल्या, आणि भारतीय विद्यार्थ्यांना चीनचे व्हिसा पुन्हा मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडलं. थेट विमानं तर ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाली. दोन देशांतलं हवामान असं आहे की हातात एक पूर्ण पदवी असलेली बरी. तिथलं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि अर्ज त्याआधी वसंत ऋतूत भरायचे असतात, म्हणजे टी.वाय.ला असताना अर्ज करून परीक्षेनंतर जाणं नीट बसतं.

तोवर चौथी पातळी करून घ्या. एचएसके तिसरीपासून पुढे ३००पैकी १८०ला पास म्हणतात, पण शिष्यवृत्तीला नुसतं पास पुरत नाही, वरचे गुण लागतात, आणि तोंडी परीक्षेचे गुण असतील तर अर्ज वजनदार होतो. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा जुना निकाल फडताळात ठेवून निश्चिंत होऊ नका. आणखी एक: २०२१मध्ये तीन टप्पे आणि नऊ पातळ्यांचं नवं मानक आलंय, ते जुन्यापेक्षा बरंच भारी आहे. जुन्या पुस्तकात पहिल्या पातळीला १५० शब्द होते, २०२१च्या मानकात ५००. क्लासचे सर कुठलं पुस्तक वापरतात ते विचारा.

पैशाचं म्हणाल तर एका वर्षाच्या भाषा-शिष्यवृत्तीत फी, वसतिगृह, विमा आणि महिन्याला २५०० युआन असतात, साधारण तीस हजार रुपये. कँटीनमध्ये जेवणारीला पुरतात, शांघायमध्ये फिरणारीला नाही. विमानाचं तिकीट आपलं. बदल्यात नोकरीचा बाँड किंवा परत येऊन कुणासाठी काम करायचं असं काही नसतं. अट असते ती हजेरीची, परीक्षेची आणि तिथले कायदे पाळण्याची. शहर निवडताना जिथे आपली एमबीबीएसची पोरं मोठ्या संख्येने आहेत ते टाळलेलं बरं. तिथे वर्षभर हिंदी उत्तम सुधारते.

पुढे तिला सरकारी किंवा संरक्षणाशी संबंधित नोकरी करायची असेल, तर ही शिष्यवृत्ती कधीही लपवायची नाही. फॉर्ममध्ये विचारलं की सरळ लिहायचं. लपवलेलं जास्त खटकतं.

आणि एवढं करूनही दिरांचं मन मानत नसेल, तर तैवानचा रस्ता आहे. भाषा तीच, लिपी जुनी आणि रेघा जास्त. त्यांची परीक्षा वेगळी, शिष्यवृत्ती वेगळी. सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठात २०११पासून त्यांचं केंद्र आहे आणि ऑक्टोबर २०२४पासून मुंबईतही त्यांचं कार्यालय आहे. पण दिरांना हेही सांगा, की तो पैसाही सरकारचाच आहे, आणि त्या सरकारलाही आपलं काहीतरी जगाला पटवायचंच आहे. फक्त तिथे 'तीन त'वर वर्गात वाद घालता येतो. माझ्या दोन विद्यार्थिनी तिकडे गेल्या, दोघी खूश आहेत. चाकणच्या नोकरीसाठी मात्र मुख्य भूमीची सोपी लिपी आणि तिथले बोलण्याचे ढंग जास्त उपयोगी पडतात.

एक व्यवहाराचं, जे सर सांगणार नाहीत. व्हॉट्सअॅप तिथे बंद आहे, आणि त्यांचं वीचॅट आपल्याकडे जून २०२०पासून बंद आहे. विमानतळावर रडारड झाल्यावर दुसऱ्या दिवशी आईला मेसेज जात नाही, आणि घरी हलकल्लोळ होतो. निघण्याआधी तिच्या इथल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ठेवा, त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. सुरुवातीचे पंधरा दिवस महाग पडेल, पडू द्या. चीन आपल्यापुढे अडीच तास आहे. तिचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तुमचे सात, दिवेलागणीची वेळ ठरवून टाका.